माळ्यावरचा ॲम्प्लिफायर पुन्हा वाजता करताना

सांगलीतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून कितीतरी ॲम्प्लिफायर पडून आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कॉस्मिक, सोनोडाइन, फिलिप्स; कुणाच्या मामांनी आखातातून येताना आणलेला सॅन्सुई नाहीतर पायोनियर. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो, कुणीतरी ‘बघू वाजतोय का’ म्हणून पिन लावतं, समोरचा दिवा लागतो, जोरात घरघर येते आणि मागून धूर निघतो. दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याच्या गाड्यावर असतो. हे सेट नुसत्या वयामुळे गेलेले नसतात. दहा-वीस वर्षं बंद राहिलेल्या यंत्राला एका क्षणात पूर्ण २३० व्होल्ट दिल्याने त्यातले बरेच जातात.

ज्यांना सोल्डरिंग आयर्न धरता येतं, मल्टिमीटर वाचता येतो आणि जे घाई करणार नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यात फक्त ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरचं काम आहे. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) सेट हाती आला असेल तर इथली पद्धत त्याला जशीच्या तशी लावू नका. त्यात तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी असतो आणि तो जीव घेऊ शकतो. तो जाणकारासोबत बसूनच उघडावा.

नेटवर बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की जुना सेट आला की सगळे कंडेन्सर सरसकट काढून नवे टाका. मला हे पटत नाही. पन्नास-साठ भाग एका दमात बदलल्यावर सेट वाजला नाही, तर चूक मूळची की आपण केलेली हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय त्या काळच्या तपकिरी पीसीबीवरचे (भाग बसवलेल्या पाटीवरचे) तांब्याचे पत्रे नाजूक असतात, दर वेळी तापवल्यावर थोडे सुटतात. म्हणून आधी बघायचं, मग मोजायचं आणि मोजणीत जे नापास होईल तेवढंच बदलायचं. पुढचं सगळं या क्रमाने आहे आणि क्रम मोडू नये.

पिन लावण्याआधी

मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर शोधा. बाहेरून आलेल्या सेटवर ११०, १२०, २२०, २४० असे आकडे असतात आणि तो कधी कुणी फिरवला असेल ते सांगता येत नाही. जपानच्या घरगुती बाजारासाठीचा सेट फक्त १०० व्होल्टचा असतो; त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. २२० आणि २४० असे दोन्ही पर्याय असतील तर २४० वर ठेवा. आपल्याकडे रात्री, विशेषतः आसपासचे शेतीपंप बंद झाले की, व्होल्टेज २४५ पर्यंत चढलेलं मी मीटरवर पाहतो. २२० साठी बांधलेला सेट २४५ वर चालला की आतलं प्रत्येक व्होल्टेज अकरा टक्क्यांनी वाढतं. चाळीस व्होल्टच्या सप्लायचे साडेचव्वेचाळीस होतात आणि ५० व्होल्टच्या फिल्टर कंडेन्सरला (सप्लाय सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरला) फारशी सवड उरत नाही.

मग वायर. रबर कडक होऊन तडकलं असेल तर पूर्ण वायर बदला, वर टेप गुंडाळून चालवू नका. फ्यूज बाहेर काढून बघा. त्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली फार वेळा सापडते. ती काढून होल्डरजवळ छापलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला. शेवटी झाकणाच्या जाळीला नाक लावून वास घ्या. जळक्या वार्निशचा उग्र वास ट्रान्सफॉर्मरचा असतो, आणि तो आला तर इतर कशावरही खर्च करण्याआधी ट्रान्सफॉर्मर तपासायचा.

सिरीज बोर्ड

या कामात एकच हत्यार अपरिहार्य आहे आणि ते घरी तासाभरात होतं. लाकडी पाटीवर एक बल्ब होल्डर, एक स्विच आणि एक सॉकेट बसवा. फेज आधी स्विचला, तिथून बल्बला आणि बल्बमधून सॉकेटला जाईल अशी जोडणी करा. न्यूट्रल आणि अर्थ थेट. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा, पिवळ्या उजेडाचा हवा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. तारेचा बल्ब तापला की त्याचा रोध वाढतो आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

सेटमध्ये पूर्ण शॉर्ट असला तरी ६० वॅटच्या बल्बमधून पाव अँपिअरपेक्षा जेमतेम जास्त करंट जातो. १०० वॅटमधून ०.४३ अँपिअर. बल्ब भगभगून पेटतो, सेट वाचतो. मात्र हा बोर्ड सेटला वाचवतो, माणसाला नाही. बल्ब मंद असला तरी आतल्या मेन्सच्या टोकांवर झटका पूर्ण बसतो. कामाच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असावा, पायात चप्पल असावी, एक हात पाठीमागे असावा आणि मुलं दुसऱ्या खोलीत असावीत.

उघडणं आणि साफसफाई

झाकण काढल्यावर काहीही हलवण्याआधी फोटो काढा. वरून, चारही बाजूंनी, प्रत्येक वायर जिथे जोडली आहे तिथे जवळून. नंतर कुठला कंडेन्सर कुठल्या दिशेने होता याचं उत्तर त्या फोटोतच मिळतं.

मधले दोन जाडजूड डबे म्हणजे फिल्टर कंडेन्सर. पिन काढलेली असली तरी त्यांच्यात चार्ज राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय आपल्या बाजारात सर्रास दिसते. त्याने ठिणगी उडते, कंडेन्सरची टोकं आणि आतलं जोडकाम दुखावतं. २२० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरला दोन इन्सुलेटेड वायरी लावून ठेवा आणि तो दोन्ही टोकांवर धरा. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दहा-बारा सेकंदांत रिकामा होतो. मग मीटरने खात्री करा. सेटमध्ये हात घालायच्या प्रत्येक वेळी हे करायचं.

धूळ रंगाच्या मऊ ब्रशने सुटी करून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका, त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. चिकट घाण आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते. जपानी सेटमध्ये कंडेन्सरच्या बुडाशी पिवळा डिंक दिसेल. तो कंडेन्सर गळल्याची खूण नव्हे, कारखान्यातच भाग हलू नयेत म्हणून लावलेला असतो. पण तोच डिंक वर्षांनी गडद तपकिरी झाला की वीज वाहू लागतो आणि शेजारच्या भागांचे पाय खातो. तपकिरी झालेला डिंक लाकडी काडीने खरवडून पूर्ण काढा आणि त्याखालचे रेझिस्टर, डायोड यांचे पाय तपासा.

पुरात भिजलेला सेट

हे सांगलीकरांसाठी वेगळं लिहावं लागतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत गावभाग, खणभागातल्या घरांत कृष्णेचं पाणी शिरलं आणि असे सेट अजूनही दुरुस्तीला निघतात. वरून कोरडे दिसतात, आत प्रत्येक फटीत गाळ बसलेला असतो. गाळ हवेतली ओल धरून ठेवतो, म्हणून ‘आता वर्षं झाली, वाळला असेल’ असं समजून करंट देऊ नका.

ट्रान्सफॉर्मर सोडवून बाजूला घ्या. पीसीबी साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने खरोखर धुवा, नंतर डिस्टिल्ड वॉटरने, शेवटी अल्कोहोलने, आणि कडक उन्हात चांगली वाळवा. ट्रान्सफॉर्मर धुवायचा नाही. त्याला उन्हात ठेवा, किंवा पेटीत ६० वॅटच्या बल्बशेजारी काही दिवस मंद उबेत ठेवा, मग मेगरने (मोठं व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासा. मल्टिमीटर इथे पुरत नाही, त्याचं व्होल्टेज फार कमी असतं. पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात ५०० व्होल्टचा मेगर असतो आणि अशी दुकानं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. प्रायमरी (मेन्सकडचं वाइंडिंग) ते लोखंडी गाभा आणि प्रायमरी ते सेकंडरी (आतल्या सर्किटकडचं), दोन्हीकडे रीडिंग शंभर मेगओहमच्या आसपास किंवा वर हवं. एक-दोन मेगओहमवर अडकलं तर आणखी वाळवा. वाढलंच नाही तर त्याच दुकानात वाइंडिंग भरून घ्या. जुने वेढे आणि तारेची जाडी मोजून ते नवं भरून देतात.

भिजलेल्या सेटपुरता मी माझा नियम बाजूला ठेवतो. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, रिले (विजेने चालणारा स्विच), व्हॉल्यूम-टोनचे पॉट (नॉबमागचे फिरते रेझिस्टर) आणि ट्रिमर (आत स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर) सगळे बदलावेत. त्यांच्या आत गेलेलं पाणी बाहेरून दिसत नाही.

थंड तपासणी

पिन काढलेलीच आहे. मीटर ओहमवर ठेवून सेटच्या पॉवर प्लगच्या दोन टोकांमध्ये मोजा, सेटचा स्विच चालू स्थितीत. काही ओहमपासून दहा ओहमच्या काही पटींपर्यंत आले तर प्रायमरी शाबूत आहे. अनंत आलं तर फ्यूज, स्विच किंवा वाइंडिंग तुटलेलं. टोक आणि चॅसी (सेटचा धातूचा सांगाडा) यांच्यात काहीही दिसता कामा नये.

मग डायोड रेंजवर आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे. हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसवलेले, बऱ्याच भारतीय सेटांत २एन३०५५ जातीचे धातूच्या टोपीचे. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर अशी तीन टोकं असतात; यात बाहेरची धातूची टोपी हीच कलेक्टर असते. कलेक्टर ते एमिटर दोन्ही दिशांना मोजा. मीटर शून्याजवळ गेला आणि शिट्टी वाजली तर ट्रान्झिस्टर शॉर्ट. बेसपासून दोघांकडे एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसलं तर सिलिकॉनचा भाग ठीक. सर्किटमध्ये असताना इतर भागांमुळे रीडिंग थोडं फसवतं, पण इथे स्टीरिओचा मोठा फायदा आहे: डावा आणि उजवा चॅनल हुबेहूब सारखे असतात. संशय आला की तोच बिंदू दुसऱ्या चॅनलवर मोजा. सर्किट डायग्राम नसतानाही या एका युक्तीवर अर्धं काम निघतं. रेक्टिफायरचे (एसीचा डीसी करणारे) चार डायोड आणि एमिटरला लावलेले पांढरे चौकोनी रेझिस्टरही आत्ताच बघून घ्या.

मेन्सच्या स्विचजवळ एखादा छोटा कंडेन्सर असतो, ठिणगी दाबण्यासाठी. जुन्या कागदी जातीच्या कंडेन्सरांच्या पारदर्शक अंगावर बारीक तडे जातात आणि एक दिवस ते मोठा धूर काढून जातात. हा भाग मात्र न मोजता बदलायचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, अंगावर एक्स-२ वर्ग छापलेला. मेन्स आणि चॅसीच्या मध्ये असेल तर वाय वर्गाचा. साधा कंडेन्सर इथे कधीही लावू नका.

पहिला करंट

स्पीकर जोडलेले नकोत. व्हॉल्यूम शून्यावर. बोर्डावर ६० वॅटचा बल्ब. मीटरच्या वायरी क्रोकोडाइल क्लिपने फिल्टर कंडेन्सरला आधीच लावून ठेवा, म्हणजे चालू सेटमध्ये हात घालावा लागणार नाही.

चालू करा आणि बल्बकडे बघा. क्षणभर उजळून मग मंद झाला किंवा जवळजवळ विझला, तर उत्तम. उजळलेलाच राहिला तर लगेच बंद करा. शॉर्ट बाकी आहे. मध्यम उजेडावर अडकून हळूहळू मंद होत असेल तर कंडेन्सर स्वतःला सावरत आहेत असं समजा. बरीच वर्षं व्होल्टेज न मिळाल्याने त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो, आणि कमी करंटवर थोडा वेळ ठेवलं की तो पुन्हा तयार होतो. या अवस्थेत अर्धा-पाऊण तास समोर बसून राहा. कुठला कंडेन्सर गरम होतो का, बोटाने नाही तर वासाने आणि बंद केल्यावर स्पर्शाने बघा. गरम होणारा काढायचाच.

आता सप्लाय मोजा. दोन प्रकारचे सेट भेटतात. नंतरच्या बहुतेक सेटांत अधिक आणि उणे असे दोन सप्लाय असतात. ते एकमेकांच्या बरोबरीचे हवेत, व्होल्टभराचा फरक चालतो. बल्बमुळे आकडे मॅन्युअलपेक्षा कमी दिसतील, बरोबरी महत्त्वाची. जुन्या सेटांत एकच सप्लाय असतो आणि आवाज एका मोठ्या कंडेन्सरमधून स्पीकरकडे जातो. त्यात त्या कंडेन्सरच्या आतल्या टोकावर सप्लायच्या निम्मं व्होल्टेज हवं. साठ असेल तर तीसच्या जवळ.

त्यानंतर स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, ५० पर्यंत ठीक, १०० च्या पुढे गेलं तर कारण शोधायला हवं, आणि काही व्होल्ट असतील तर स्पीकर जोडताक्षणी त्याची कॉइल जळेल. ज्या सेटांत चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ होऊन रिले लागतो, त्यांत हे माप रिलेच्या आधी, ॲम्प्लिफायरच्या बाजूला घ्या. रिले उघडा असताना बाहेर नेहमी शून्यच दिसतं आणि माणूस फसतो. बल्बवर असताना व्होल्टेज कमी पडून रिले लागत नाही, हेही होतं. तेवढ्यावरून त्याला बाद ठरवू नका.

कंडेन्सर बदलणं

सेटने करंट घेतला, आता आजार ओळखू. घरघर व्हॉल्यूम कमी-जास्त केल्याने बदलत नसेल तर दोष सप्लायमध्ये किंवा शेवटच्या टप्प्यात. बदलत असेल तर आधीच्या टप्प्यात किंवा इनपुटच्या वायरींत. फिल्टर कंडेन्सर सुकले की येते ती १०० हर्ट्झची, थोडी खरबरीत घरघर. इनपुटला हात लावला की वाढणारी ५० हर्ट्झची गुणगुण बहुधा अर्थिंगची किंवा तुटक्या शील्डची असते.

कंडेन्सर तपासायला ईएसआर (कंडेन्सरचा आतला रोध) मोजणारं मीटर किंवा स्वस्तातला कंपोनंट टेस्टर हवाच. एक पाय सोडवून मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा मायक्रोफॅरड वीस टक्क्यांहून कमी झाले असतील किंवा ईएसआर त्याच मापाच्या नव्या कंडेन्सरच्या कित्येक पट असेल तर तो बाद. माझा अनुभव असा, की मोठे फिल्टर कंडेन्सर बऱ्याचदा टिकलेले असतात आणि एक, दोन पॉइंट दोन, दहा मायक्रोफॅरडचे चिमुकले आधी सुकतात. त्यातही हीटसिंकला किंवा जाड रेझिस्टरला चिकटून बसलेले. शोध तिथून सुरू करा. माथा फुगलेला किंवा बुडातून पाझरलेला मात्र मोजत बसायची गरज नाही.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वरचे, आणि तापमान १०५ अंशांचं. फिल्टरमध्ये वीसेक टक्के जास्त चालतात. दुप्पट-तिप्पट टाकू नका, चालू करतानाचा झटका जुन्या रेक्टिफायरला आणि स्विचला सोसत नाही. एक काढा, एक लावा, फोटोशी ताडून बघा, मग पुढचा. पीसीबीवरच्या खुणांवर आंधळा विश्वास नको, कारण काही उत्पादक धन टोक दाखवतात तर काही ऋण. चार-पाच बदलले की पुन्हा सिरीज बोर्डावर चालू करून बघा.

तपकिरी पीसीबीवर आयर्न २५ ते ४० वॅटचा, टोक स्वच्छ, आणि एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. जुनं सोल्डर सुटत नसेल तर आधी थोडं नवं ६०-४० सोल्डर घाला, मग सकरने ओढा. पाय ओढून काढलात तर पत्रा त्याच्यासोबत येतो.

साधे भाग सांगलीत मिळतात. नेमके हवे असतील तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. खरेदी करताना नकली मालाचं भान ठेवा. मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर भरून विकतात. हातात घेतल्यावर वजन कळतं. ट्रान्झिस्टरवरची अक्षरं घासून नवी छापलेली असतात. खरा २एन३०५५ हा १५ अँपिअर आणि ११५ वॅटचा भाग आहे. नकलीच्या पोटात छोटासा तुकडा असतो आणि तो पहिल्याच मोठ्या आवाजाला शॉर्ट होतो. मंडपवाल्यांच्या मोडीत काढलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरमधले अस्सल, तपासलेले ट्रान्झिस्टर मला अशा नव्यापेक्षा जास्त भरवशाचे वाटतात.

खरखर आणि गायब होणारा चॅनल

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते, किंवा एक चॅनल येतो-जातो, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक जुन्या सेटची असते आणि इलाज सर्वांत सोपा. इलेक्ट्रॉनिक कामासाठीचा काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या मागच्या फटीतून दोन थेंब सोडा, सेट बंद ठेवून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. भिजवून काढू नका. दांड्यातलं घट्ट ग्रीस धुऊन गेलं की नॉबची ती जुनी जड, मुलायम चाल जाते आणि परत येत नाही. गंज सोडवायचे स्प्रे, रॉकेल, पेट्रोल यांना हात लावू नका. इनपुट सिलेक्टर, टेप मॉनिटर, स्पीकर ए-बी, एकूण एक स्विच असाच फिरवून काढा. टेप मॉनिटरचा स्विच, जो आवाज टेपकडून घेतो, तो चुकून दाबलेला असतो आणि लोक ‘आवाजच नाही’ म्हणून सेट उघडायला घेतात.

हळू आवाजात एक चॅनल गप्प, मोठा केला की अचानक येतो, असं असेल तर रिलेचे काँटॅक्ट काळे पडलेत. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी काँटॅक्टमधून दोन-चारदा ओढा. पॉलिश पेपरने घासलं तर वरचा चांगला थर जातो आणि त्रास लवकर परततो. त्याच मापाचा नवा रिले मिळत असेल तर तो लावणं अधिक चांगलं.

टिचकी मारल्यावर आवाज येत-जात असेल तर ड्राय सोल्डर (तडकलेला, सैल जोड) शोधा. हीटसिंकवरच्या ट्रान्झिस्टरांचे पाय, गरम होणारे रेझिस्टर, स्पीकर आणि इनपुटची सॉकेटं. भिंगातून पायाभोवती बारीक गोल रेघ दिसते. तिथे नवं सोल्डर द्या.

आउटपुट आणि बायस

आउटपुट ट्रान्झिस्टर उडालेला असेल तर एकटा कधीच बदलू नका. त्याचा जोडीदार, दोघांना चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटरचे रेझिस्टर तपासा. शक्यतो जोडी एकदम बदला. ट्रान्झिस्टरखालचा अभ्रकाचा पापुद्रा तुटका असेल तर नवा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या हीटसिंक पेस्टचा पातळ हात. जाड थराने उष्णता अडते. बसवल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात मीटर काहीही दाखवायला नको.

बायस म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट. तो ठरवणारा ट्रिमर उघड्या जातीचा आणि जुना असेल तर तेवढ्याच ओहमचा नवा, बंद जातीचा लावा. बऱ्याच रचनांत ट्रिमरचा मधला पाय सुटला की बायस एकदम टोकाला जातो आणि नवे ट्रान्झिस्टर काही सेकंदांत संपतात. इथे कंजुषी नको. सेटचं सर्व्हिस मॅन्युअल नेटवर शोधा. जपानी सेटांची सहज मिळतात. त्यात बायस किती आणि कुठे मोजायचा ते लिहिलेलं असतं.

मोजायची रीत सोपी आहे. ट्रिमर सर्वांत कमी करंटच्या बाजूला ठेवा, इनपुट नाही, स्पीकर नाही. एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर मीटर मिलिव्होल्टवर लावा. रेझिस्टर ०.४७ ओहमचा आणि हवा असलेला करंट ३० मिलिअँपिअर, तर मीटरने १४ मिलिव्होल्ट दाखवायला हवेत, ०.२२ ओहम असेल तर साडेसहाच्या आसपास. ट्रिमर केसभर फिरवा, थांबा, बघा. हे काम शेवटी सिरीज बोर्डाशिवाय, पूर्ण व्होल्टेजवर करायचं असतं, म्हणून आधी १०० वॅटच्या बल्बवर सगळं स्थिर आहे याची खात्री करा. सेट अर्धा तास तापू द्या आणि पुन्हा लावा. एकदा बायस वाढवला आणि आकडा आपोआप चढतच राहिला तर लगेच बंद; उष्णतेची भरपाई करणारा ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीटसिंकपासून सुटलेला असतो.

बायस कमी राहिला तर काय होतं ते कानाने ऐकायचं असेल तर मिरजेच्या तंबोऱ्यासारखी परीक्षा नाही. तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावा. जवारी नीट लागलेल्या तारेतून स्वरांचं जे झिरमिर वलय उठतं, ते कमी बायसच्या सेटमध्ये किरकिरं, तुटक येतं, कारण अधिक आणि उणे बाजूंचे ट्रान्झिस्टर एकमेकांकडे सूर सोपवताना मध्ये क्षणभर दोघेही बंद असतात. मोठ्या आवाजात हे झाकलं जातं. ढोल-ताशाची गाणी लावून सेट पास करणाऱ्यांच्या कानांतून ते निसटतं.

स्पीकर, आणि जुन्या सॉकेटात नवा फोन

पहिले स्पीकर स्वस्तातले, गेले तरी हळहळ नको असे. तासभर हळू, मग तीन-चार तास मध्यम. मधूनमधून डीसी आणि हीटसिंकचं तापमान बघा. हात टेकवून ठेवता आला पाहिजे. दोन्ही बाजू सारख्या कोमट असतील तर घरचे चांगले स्पीकर जोडा. मागे ८ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचे किंवा दोन जोड्या एकत्र लावू नका.

जुन्या सेटांना पाच पिनांची डिन सॉकेटं असतात. टेपच्या सॉकेटात मधली, दोन क्रमांकाची पिन ग्राउंड, तीन आणि पाच वाजवण्यासाठी डावी-उजवी, एक आणि चार रेकॉर्डिंगकडे जाणारी. फोनची वायर तीन आणि पाचला येईल असा जोड घरी सोल्डर करता येतो. ऑक्स इनपुट त्या काळी साधारण १५० मिलिव्होल्टला पूर्ण आवाज देण्यासाठी बांधलेलं असे, आणि आजची डिजिटल उपकरणं दोन व्होल्टपर्यंत देतात. म्हणून नॉब जरा हलवला की आवाज अंगावर येतो. बाहेरून येणारा आवाज कमी ठेवा. फोनो इनपुटला मात्र फोन कधीही जोडू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईच्या चार-पाच मिलिव्होल्टसाठी आहे.

समोरच्या पट्टीवरची अक्षरं अल्कोहोलने पुसली जातात, तिथे फक्त ओला कपडा आणि पाण्यात घातलेला साबणाचा एक थेंब. लाकडी पेटीचा व्हिनियर सुटला असेल तर फेव्हिकॉल आणि रात्रभर दाब. मूळ रंगावर नवं पॉलिश चढवण्याच्या मी विरोधात आहे. चाळीस वर्षांच्या हाताळण्याने आलेला रंग पुन्हा मिळवता येत नाही. आत ‘अपग्रेड’ म्हणून महागडे कंडेन्सर भरण्याचंही तसंच. सेट बनवणाऱ्या अभियंत्यांनी ठरवलेल्या ओहम-मायक्रोफॅरडांत सेटचा जो आवाज होता तोच परत आणायचा आहे.

सेट ठेवताना वरच्या जाळीवर चार बोटं मोकळी जागा हवी. टीव्हीवर घालतात तसा क्रोशाचा रुमाल त्यावर पसरू नका आणि बंद कपाटात कोंबू नका. महिन्यातून एकदा तरी तासभर वाजवा. पावसाळ्यात आठवड्याला.

झाकण लावण्याआधी एका कागदावर तारीख, बदललेल्या भागांची नावं आणि मापं (ओहम, मायक्रोफॅरड), दोन्ही चॅनलचे बायसचे आणि डीसीचे मिलिव्होल्ट, पूर्ण मेन्सवर मोजलेलं सप्लायचं व्होल्टेज आणि सिलेक्टर कुठल्या आकड्यावर आहे ते लिहा. तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून झाकणाच्या आतल्या बाजूला, हीटसिंकपासून लांब चिकटवा. पुढे कधी हा सेट दुसऱ्या कुणाच्या हाती उघडला गेला तर त्याचं मोजमाप या आकड्यांपासून सुरू होईल.